विजेची जवारी

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. बटण फिरवल्यावर आवाज लगेच येत नसे. आधी डायलमागचा दिवा लागे, मग आत नारिंगी ठिपके उजळत आणि पाव-अर्ध्या मिनिटाने आकाशवाणी बोलू लागे. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हे ठिपके घराघरांतून विझले. ट्रान्झिस्टर लहान, स्वस्त, थंड आणि टिकाऊ. व्हॉल्व्हच्या बाजूने बोलण्यासारखं काही उरलं नाही. तरीही एका जागेवरून तो हलला नाही: इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरमधून. असं का, याची वाचलेली उत्तरं मला पुरेशी वाटेनात. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तो स्वतःच बांधायला घेतला. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा व्यवसाय नव्हे. सोल्डरिंग आयर्न त्याआधी हातात धरलं होतं ते फार तर हेडफोनची तुटलेली तार जोडण्यापुरतं.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी. तिच्यातला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटला धन दाब दिला असेल तर तिकडे धावतात. उलट दिशेने येत नाहीत. म्हणूनच फ्लेमिंगने १९०४ साली या नळीला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, म्हटलं. अमेरिकेत ती ‘ट्यूब’ झाली. १९०६च्या सुमारास ली द फॉरेस्टने कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये तिसरा भाग घातला, तो ग्रिड. कालव्याचं दार बोटभर उचललं की पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो, तसा ग्रिडवरच्या किंचित दाबाने प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह बदलतो. गिटारच्या तारेतून मिळणारा दाब व्हॉल्टाच्या काही अंशांइतका असतो. तो ग्रिडवर द्यायचा आणि मोठा झालेला प्रवाह पुढे न्यायचा, एवढंच अँप्लिफायरचं काम.

तार हळू छेडली तर व्हॉल्व्ह हे काम इमानाने करतो. जोरात छेडली की त्याची मर्यादा संपते आणि लहरीचा माथा चेपला जातो. अभियंत्याच्या भाषेत ही विकृती. पण चेपलेल्या लहरीत मूळ स्वराच्या सोबतीला नवे स्वर जन्मतात. दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. तिप्पट कंपनांचा, म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. पाचपट कंपनांचा गंधार. तंबोऱ्याच्या षड्जात गंधार ऐकणाऱ्यांना हे स्वर अनोळखी नाहीत. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकवलेली नसते. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा किंचित उतरता घासतो, तारेखाली दोरा सरकवतो आणि तार घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच लागेल अशी जागा शोधतो. निव्वळ यंत्रशास्त्राने पाहिलं तर ही तारेची अडखळ आहे. आपण तिला जवारी म्हणतो आणि ती नसली तर तंबोरा मुका म्हणतो.

गिटारवाल्यांना त्यांची जवारी अपघाताने सापडली. १९५१ साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यातला खरखरीत गिटार प्रवासात बिघडलेल्या अँप्लिफायरचा, अशी कथा सांगतात. फाटलेल्या स्पीकरमध्ये म्हणे कागद कोंबला होता. १९५८च्या ‘रंबल’साठी लिंक रे याने स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४मध्ये ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने तो ब्लेडने चिरला.

ज्याच्या यंत्रांमधून पुढे हा आवाज सर्वत्र गेला, त्या लिओ फेंडरला मात्र स्वच्छ आवाज हवा होता. हिशेबनिसाची नोकरी गेल्यावर १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. त्याची सुरुवातीची सर्किटं व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतल्या नमुन्यांना जवळची होती. १९६२च्या सुमारास लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणारा जिम मार्शल आणि त्याचे सहकारी यांनी फेंडरच्या ‘बासमन’चं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं. स्पीकर आणि काही भाग ब्रिटनमध्ये मिळत ते घातले, आणि आवाज अधिक रांगडा झाला. १९६६च्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या तबकडीवर एरिक क्लॅप्टन वाजवतो तो मार्शलचा अँप्लिफायर.

पुढे कारखाने छापील सर्किट बोर्डांकडे वळले, तेव्हा एकेक नग हाताने बांधणारे छोटे कारागीर पुढे आले. शिवणकामातला ‘बुटीक’ हा शब्द त्यांना चिकटला. न्यू जर्सीचा केन फिशर आपल्या अँप्लिफायरांना क्रमांकाऐवजी नावं देई. कॅलिफोर्नियाचा अलेक्झांडर डंबल सर्किटवर इपॉक्सीचा जाड थर ओते, म्हणजे आत काय आहे ते कुणाला दिसू नये. तो थर खरवडून पाहणाऱ्यांना आत फेंडरच्याच कुळातलं सर्किट सापडलं. मग या कारागिरांची किमया कशात होती? माझ्या बांधणीत मला तिचा थोडा पत्ता लागला.

मी निवडलं ते फेंडरचं १९५०च्या दशकातलं ‘चॅम्प’, सर्किट ५एफ१. तीन व्हॉल्व्ह, आवाजाचं एकच बटण, सुमारे ५ वॅट. रोध आणि कपॅसिटर मिळून वीसेक भाग. त्याची आकृती आज कुणालाही मिळते. ६व्ही६ हा शक्तीचा व्हॉल्व्ह स्लोव्हाकियात बनलेला मिळाला. १२एएक्स७ हा अमेरिकी क्रमांकाचा व्हॉल्व्ह म्हणजे युरोपीय नावाने ईसीसी८३. तो बंगळुरूच्या सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एकेकाळी बनत असे. एका जुन्या रेडिओदुरुस्तीवाल्याच्या खोक्यात तो मला खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवलेला सापडला.

ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळून घ्यावे लागले. अमेरिकेची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० आणि ५०ची. पुण्यातल्या एका वयस्क वाइंडरना मी कागदावर फेरे आणि तारेची जाडी लिहून दिली. आठवड्याने ट्रान्सफॉर्मर मिळाले.

पहिल्या चाचणीला फक्त रेक्टिफायर व्हॉल्व्ह बसवायचा असतो. मीटरने ४३० व्होल्ट दाखवले. मी खूश होऊन प्लग काढला आणि जेवायला गेलो. तासाभराने परत येऊन एक तार सरळ करायला बोट घातलं. हात इतक्या जोरात मागे आला की चॅसिसच्या पत्र्याने मनगट फाटलं. प्लग तर भिंतीपासून हातभर लांब पडला होता. पण बाकीचे व्हॉल्व्ह बसवलेले नसल्याने फिल्टरच्या कपॅसिटरांत साठलेला भार जायला वाटच नव्हती. तो तसाच वाट पाहत बसला होता. दुसरा हात चॅसिसवर टेकलेला असता तर विजेचा रस्ता छातीतून गेला असता. हा धडा पुस्तकात मी वाचलेला होता, खाली रेघही मारली होती. दुसऱ्या दिवशी कपॅसिटरांना समांतर २२० किलोओहमचा रोध जोडला. त्यातून भार मिनिटाभरात ओसरतो. तेव्हापासून एक हात खिशात आणि आधी मीटर, मगच बोट.

सगळे व्हॉल्व्ह बसवून चालू केलं तेव्हा अँप्लिफायर किंचाळला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट लागल्या होत्या, त्यामुळे आवाज आवरण्यासाठी मागे नेलेला अंश उलट त्याला चिथावत होता. तारा बदलल्या, किंचाळी थांबली, गुणगुण उरली. गाणं शिकवणाऱ्या शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “पांढरी पाचचा षड्ज लावून ठेवलाय होय?” त्यांच्या कानाने निदान केलं. पांढरी पाच म्हणजे सुमारे ९८ हर्ट्झ. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांतून गुणगुण आली असती तर ती ५०ची, एक सप्तक खालची असती. १००ची गुणगुण रेक्टिफायरच्या बाजूची. पहिल्या कपॅसिटरची जमिनीची तार मी गिटारच्या जॅकजवळ जोडली होती. ती चार बोटं दूर, ट्रान्सफॉर्मरपाशी नेली आणि षड्ज थांबला. आकृतीत या दोन्ही जागा एकच असतात; पत्र्यावर त्या एक नसतात.

मग मोजमाप. कॅथोडच्या ४७० ओहमच्या रोधावर १९ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेट आणि कॅथोड यांच्यात ३०० व्होल्ट, म्हणजे १२ वॅट उष्णता. ६व्ही६ला एवढी झेपते. आकडे बरोबर, तरी आवाज पातळ. खर्ज जणू कुणी गाळून घेतला होता. ट्रान्सफॉर्मर घेऊन पुन्हा वाइंडरकडे गेलो. त्यांनी तो हातात फिरवला आणि विचारलं, “हा एकाच व्हॉल्व्हवर चालवताय का?” हो म्हटल्यावर ते वैतागले. “साहेब, आधी सांगायचं ना. रेडिओच्या आउटपुटला आम्ही कागद घालायचोच.”

व्हॉल्व्ह एकच असला की हे ४० मिलिअँपिअर ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतून अखंड एकाच दिशेने वाहतात आणि लोखंडाचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरून जातो. खर्जाच्या मोठ्या लहरींना मग जागा उरत नाही. म्हणून ई आणि आय आकाराच्या पत्र्या एकमेकींत न गुंफता समोरासमोर ठेवून मध्ये कागदाची फट सोडतात. आकृतीवर ही फट नसते आणि मी लिहून दिलेल्या कागदावरही नव्हती. त्यांनी पत्र्या उपसल्या, नव्याने रचल्या आणि टेबलावरच्या बिलबुकाच्या पुठ्ठ्यातून पट्टी कापून मध्ये सरकवली. अर्धा तास लागला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी भाच्याने गिटार लावली. बटण निम्म्यावर असताना स्वर गोल, मोकळा. पूर्ण उघडून जोरात छेडलं की माथा चेपून भरदार, आणि हात हलका केला की पुन्हा स्वच्छ. वरचा षड्ज, पंचम सगळे त्यात होते. तो बटणाला हात न लावता, नुसत्या बोटांच्या जोरावर आवाज पालटत राहिला. व्हॉल्व्ह इथून का हलला नाही, हे मला तेव्हा कळलं. मी काढून टाकलेली गुणगुण आणि मुद्दाम ठेवलेली विकृती हे दोन्ही दोषच. पण पहिला दोष वादकाच्या हातात नसतो आणि दुसरा असतो.

खोक्याचं मागचं फळकूट बसवण्यापूर्वी मी आत सर्किटची आकृती चिकटवली. तिच्यावर ट्रान्सफॉर्मरपाशी लाल शाईने लिहिलं: ‘मध्ये कागद.’ आणि फिल्टरच्या कपॅसिटरांपाशी, जरा मोठ्या अक्षरात: ‘आधी मीटर.’