पावसाआधी पन्हळी साफ करताना

थंडीनंतरच्या पानगळीत आंब्या-फणसाचा पाला कौलांवरून घरंगळत पन्हळीत साचतो. कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो, त्याआधीच ही सफाई उरकावी. 50 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5000 लिटर पाणी उतरते. पन्हळ तुंबलेली असेल, तर तेच पाणी वाशांत आणि भिंतीत मुरते.

खरा धोका पडण्याचा. शिडी पन्हळीला टेकवू नका. पीव्हीसीची पन्हळ वजनाने वाकते, निसटते. शिडी पक्क्या भिंतीला लावा. 12 फुटांवर टेकवायची असेल, तर तिचा पाय भिंतीपासून 3 फूट दूर हवा. खाली एकाने ती धरून उभे राहावे. हात पुरत नसेल तर वाकू नका; उतरा आणि शिडी सरकवा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. घरात येणारी विजेची तार जवळ असेल, तर ॲल्युमिनियमची शिडी वापरूच नका.

पाल्यात विंचू असू शकतो, वळचणीला गांधीलमाश्यांचे पोळेही. आधी काठीने चाळवा आणि रबरी हातमोजे घाला. उंदरांच्या लेंड्या असतील, तर पाणी शिंपडून मगच गाळ खुरप्याने उचला. तो नळात ढकलू नका, बादलीत भरा.

शेवटी वरच्या टोकाकडून पाणी सोडा. मध्येच डबके राहिले, तर तिथले क्लॅम्प ढिले झालेत असे समजून उतार नीट करून घ्या. नळाच्या तोंडाला जाळी बसवा.