खेडगीकरांचे श्राद्ध

स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत देह ठेवला तो २२ जानेवारी १९७२ रोजी. समाधी तिथेच, बेगमपेठेत. मराठवाड्यात त्यांच्या तसबिरीला हार पडतो तो मुख्यतः १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी. पुण्यतिथी त्या मानाने शांतपणे जाते. धाराशिव जिल्ह्याला मात्र या मृत्यूचा विचार करायचा तर चाळीस वर्षे मागे, लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला जावे लागते.

निजामी राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून चाले. त्या मुलखात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारच्या डोळ्यांत सलणारी गोष्ट. सिंदगीत १९०३ साली जन्मलेले, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले व्यंकटेश खेडगीकर इथे मुख्याध्यापक झाले. इथल्या वास्तव्यातच, १९३०नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, त्यांनी नारायण तीर्थांकडून संन्यासदीक्षा घेतली.

या दीक्षेत माणूस जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध उरकतो. घर, गोत्र, नाव सारे संपते. पुढे त्याला पिंडही नाही. शास्त्रार्थाने पाहिले तर खेडगीकर तेव्हाच गेले. (पितृपक्षातली द्वादशी यतींची मानतात, ती सवलत वेगळी.)

याचा राजकीय अर्थ मला मोठा वाटतो. वतन, इनाम, नोकरी जाईल या धाकावर राज्य चालत होते. ज्याने आधीच सारे सोडले त्याच्याकडून काय हिरावून घेणार? राहिला तुरुंग. तो १९३८च्या सत्याग्रहात भोगून झाला. १५ ऑगस्ट १९४७ला पुन्हा अटक झाली, आणि अखेरची सुटका सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर.

पण भगव्याची अडचणही होती. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिला जातीय ठरवून बंदी घातली होती, आणि नेता संन्यासी म्हटल्यावर त्या आरोपाला आयतेच निमित्त. स्वामींचा झगडा सरंजामी सत्तेशी होता, जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता. राज्य विलीन झाल्यावरही ते थांबले नाहीत. हैदराबाद संस्थानाची भाषावार वाटणी व्हावी हा आग्रह त्यांनी धरला, आणि ती १९५६ साली झाली. आज पुष्कळ भाषणांतून कफनी तेवढी उरते, ना. म. जोशींकडचे कामगारकार्य, कुळांचा प्रश्न, भाषावार प्रांत हे गळून पडते. पुण्यतिथीचे भाषण करणाऱ्याने निदान हिप्परग्याच्या त्या मास्तरांपासून सुरुवात करावी.