समजून घ्या : साखर, यीस्ट आणि कोल्ड्रिंकची बाटली, फिश टँकमधील रोपांना घरगुती कार्बन डायऑक्साइड कसा द्यायचा आणि मासे कसे वाचवायचे?

मे महिन्यातली सकाळ. मानवतच्या आमच्या घरी ६० लिटरच्या फिश टँकमध्ये गप्पी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. पाच तळाशी निपचित पडले होते. रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. टाकीशेजारची साखर-यीस्टची बाटली मात्र रात्रभर इमानेइतबारे बुडबुडे सोडत राहिली. रोपे मस्त टवटवीत होती.

ही बाटली पाच मिनिटांत कशी बनवायची, हे दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बनवणे खरोखर सोपे आहे. अडचण पुढे आहे : या बाटलीला बंद करायचे बटण नसते.

रोपांना वेगळा गॅस कशाला?

हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० भागांहून थोडे अधिक आहे. अशा हवेखाली उघड्या ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम गॅस विरघळतो. त्यात पाण्यातून हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणजे पानाभोवतीचा गॅस संपला की नवा येईपर्यंत रोप उपाशी. प्रखर एलईडी लावला, खत टाकले, पण गॅसच नसेल तर रोपांऐवजी शेवाळ फोफावते.

शाळेतला प्रयोग आठवा. बीकरमध्ये हायड्रिला, त्यावर उलटे नरसाळे आणि वर परीक्षानळी. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की बुडबुडे वाढायचे. उन्हात पाण्यातली रोपे वायू सोडतात, हे यान इंगेनहाऊझ यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले. जगदीशचंद्र बोस यांनी तर हायड्रिलावर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर अख्खे पुस्तक लिहिले. आपण दिवाणखान्यात करतो तो त्याच प्रयोगाचा मोठा अवतार.

बाटली कशी करायची?

दोन लिटरची कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली घ्या. काचेची चुकूनही नको. कोल्ड्रिंकची बाटली दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली तशी नसते. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडा, नळीचे टोक तिरके कापा आणि पकडीने ओढून घ्या. झाकणाच्या प्लास्टिकला एम-सील किंवा कुठलाही गोंद नीट धरत नाही, त्यामुळे खरे काम घट्ट बसलेली नळीच करते. गळती शोधायला साबणाचा फेस लावून पाहा.

मेडिकलमधला सलाईनचा सेट इथे फार उपयोगी पडतो. ज्या छोट्या पारदर्शक डबीत सलाईनचे थेंब पडताना दिसतात, तिच्यात थोडे पाणी भरून गॅस खालून वर जाईल अशी ती जोडली, तर बुडबुडे मोजता येतात. पण त्या नळीवरचे चाक, ज्याने सलाईनचा वेग कमी-जास्त करतात, ते काढून टाका. का, ते पुढे सांगतो. टाकीकडे जाणाऱ्या नळीवर हवा एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर बाटली बदलताना टाकीतले पाणी उलटे येऊन फरशीवर तळे होते. मध्ये पाणी भरलेली दुसरी लहान बाटली ठेवली, तर यीस्टचा फेस टाकीत जात नाही.

आता मिश्रण. एक लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा बेकरीचे ड्राय यीस्ट. बाटलीचा वरचा भाग रिकामा ठेवा. काही तासांत बुडबुडे सुरू होतात. घरात हातभट्टीसारखा वास आला तर घाबरू नका; यीस्ट साखरेपासून गॅसबरोबर अल्कोहोलही तयार करते. वापरलेले पाणी सरळ मोरीत ओता.

२०० ग्रॅम साखरेतून किती गॅस?

इंजिनीअरिंगची हौस इथे भागवून घेतो. पूर्ण आंबली तर २०० ग्रॅम साखर सुमारे १०३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड देते. ३० अंश तापमानाला तो ५५ ते ६० लिटर जागा व्यापतो. बाटलीतली रिकामी जागा लिटरभरही नाही. म्हणून चाक काढायचे : नळी बंद केली तरी यीस्ट थांबत नाही, दाब चढत जातो आणि शेवटी झाकण उडते किंवा बाटली फुटते.

दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. रोपांसाठी लिटरमागे ३० मिलिग्रॅम गॅस पुरेसा मानतात. म्हणजे ६० लिटरच्या टाकीत एका वेळी विरघळलेला हवा फक्त १.८ ग्रॅम. बाटलीत शंभर ग्रॅमचा साठा आहे. कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याची भीती मोठी.

मानवतमध्ये हे जास्त का फसते?

कारण आपल्याकडचे हवामान. यीस्टला ३० ते ३५ अंश आवडतात. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि बाटली घाईघाईने गॅस ओकते. त्याच वेळी तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंशांना लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ अंशांना ७ च्या आसपास. रात्री दिवे बंद झाले की रोपे गॅस घेणे थांबवतात आणि आपल्यासारखाच श्वसनासाठी प्राणवायू वापरतात. पंप चालू असेल तर पाणी ढवळले जाऊन जास्तीचा गॅस उडून जातो. वीज गेली की तेही संपले. पाण्यातच कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर माशाच्या रक्तातला तो कल्ल्यांवाटे बाहेर पडत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

आमच्याकडे त्या रात्री नेमके हेच झाले.

त्यानंतर मी केलेला बदल अगदी साधा आहे. दिवे बंद करताना नळीचे टोक टाकीतून काढून बाहेर टांगतो. नळी दुमडायची नाही, बांधायची नाही, नुसती बाहेर काढायची. पंप दिवसा बंद, रात्री सुरू. शिवाय वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा छोटा पंप. मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर आधी नळी काढा, पंप लावा आणि एक तृतीयांश पाणी बदला. नव्या पाण्यातले क्लोरीन काढायला विसरू नका.

गॅस पुरेसा आहे हे कसे कळते?

बुडबुडे मोजून फक्त वेग कळतो. दोन सेकंदांना एक बुडबुडा ही ६० लिटरसाठी बरी सुरुवात. खरा अंदाज ‘ड्रॉप चेकर’ देतो. टाकीत लावायची ही छोटी काचेची कुपी. तिच्यात ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेले ठरावीक क्षारतेचे पाणी असते. निळे म्हणजे गॅस कमी, हिरवे म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळे म्हणजे माशांना धोका. कुपीत टाकीतले पाणी भरू नका, आकडा चुकतो. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.२ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा, त्यातले १०० मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड वॉटर घालून एक लिटर करा. हे पाणी कुपीसाठी चालते. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे पाच मिनिटांत निष्कर्ष काढू नका.

यीस्टऐवजी दुसरे काही?

लिंबूसत्व आणि खायचा सोडा. २०० ग्रॅम सोड्यातून सुमारे १०५ ग्रॅम गॅस मिळतो, म्हणजे साखरेइतकाच. त्यासाठी लिंबूसत्व १५० ते १७० ग्रॅम पुरते. दोन बाटल्या, दाबमापक आणि बारीक नियंत्रणाचा व्हॉल्व्ह असलेला तयार संच ऑनलाइन मिळतो. इथे व्हॉल्व्ह रात्री बंद करता येतो, कारण दाब वाढला की दुसऱ्या बाटलीतले द्रावण पुढे सरकत नाही. पण दाबमापकाशिवाय हा प्रकार घरी जुळवू नका. बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा या कामाचे नाहीत.

मुळात गरज आहे का?

आमच्या भागातले बोअरचे पाणी जड असते. त्यात बायकार्बोनेट भरपूर असतात आणि हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती थेट त्यातून कार्बन घेऊ शकतात. अनुबियास आणि जावा फर्न मंद उजेडातही तग धरतात. गॅस लागतो तो लाल पानांच्या रोटालाला, जमिनीलगत पसरणाऱ्या हिरवळीला, झपाट्याने वाढ हवी असणाऱ्यांना. मला वाटते, पहिला टँक लावणाऱ्याने सहा महिने वॅलिस्नेरियावर काढावेत. दुकानदार हे सांगेलच असे नाही.

आमच्या टाकीत आता वॅलिस्नेरिया पुढच्या काचेपर्यंत पसरली आहे. बाटली दिवाळीनंतर लावतो आणि होळीला काढून ठेवतो. जानेवारीच्या थंडीत ती इतकी मंदावते, की दहा सेकंदांत एक बुडबुडा आला तरी आई हाक मारून दाखवते.