चामड्याची सीट रुळवताना

नवी वहाण चावते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पहिले आठ दिवस टाचेला कापूस लावायचा, पट्ट्याला तेल चोळायचे आणि मग एके दिवशी आपल्या लक्षात येते की, पायात वहाण आहे हेच आपण विसरलो होतो. सायकलची सीटही अशीच चावते आणि अशीच एके दिवशी विसरली जाते, हे मात्र मला वयाची पासष्टी उलटल्यावर कळले. ते कसे कळले, ते सांगतो. माझी फजिती वाचून वाचकांची घटकाभर करमणूक तरी होईल.

इंदूरला येऊन मला चाळीस वर्षे झाली. पण मी मूळचा सौंसरचा. आपल्या माळव्यातली मराठी होळकरांबरोबर आली, आमच्याकडची भोसल्यांच्या नागपूरची. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा संत्र्यांचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली छिंदवाड्यातून हेच दोन तालुके काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हा बदलला, राज्य बदलले, पण घरातली बोली नागपूरचीच राहिली.

वडील सौंसरला शिक्षक होते आणि आत्या पांढुर्ण्याला दिलेली. दोन्ही गावांत अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. पण रेल्वेने जायचे, तर मोठा वळसा. सौंसरची छोटी गाडी नागपूर-छिंदवाडा मार्गावरची आणि पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या मार्गावर, म्हणजे बहिणीकडे जायला आधी नागपूर गाठायचे. वडील म्हणत, "एवढ्यात मी सायकलने जाऊन परतही येईन." आणि खरोखरच जात. सायकल दारात येण्याआधी सीटच्या स्प्रिंगांची करकर ऐकू येई आणि आत्या चहाचे आधण ठेवी.

गेल्या दिवाळीला सौंसरच्या घरी गेलो, तेव्हा ती सायकल पडवीत दिसली. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत तिथेच राहायचे ठरले होते. मनात आले, या संक्रांतीला आत्याकडे तिळगूळ घेऊन सायकलनेच जावे. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. सायकल दुरुस्तीला टाकली. चाके, साखळी, ब्रेक सगळे नीट झाले. सीट मात्र वडिलांचीच ठेवली. जाड, काळपट तांबूस चामडे, आणि त्यावर बसून बसून पडलेले दोन खळगे. त्यांतला उजवा डाव्यापेक्षा बराच खोल. मोठ्या भक्तिभावाने मी तीवर बसलो आणि शंभर पावले जाऊन उतरलो. तो खळगा मला आपल्याकडे ओढत होता. कंबर एका अंगाला कलत होती.

मग मी उतावळेपणा केला. चामडे वाळून कडक झाले आहे, ते मऊ केले म्हणजे माझ्या अंगाला येईल, असे वाटून सीट रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवली. सकाळी ती ओल्या पापडासारखी लोंबू लागली. ती ताठ व्हावी म्हणून सीटच्या नाकाखालचा बोल्ट पान्याने आवळत गेलो. चौथ्या फेऱ्याला "कट्" असा आवाज झाला आणि मागच्या रिव्हेटपाशी चामडे फाटले. वडिलांनी इतकी वर्षे जपलेली वस्तू मी एका सकाळीत संपवली.

गावात एक वृद्ध चर्मकार आहेत. त्यांच्या वडिलांनी संत्र्याच्या बागांसाठी मोटा शिवल्या होत्या. सीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजींची हाय ना हे? चामडं तहानलं होतं खरं. पण तहानलेल्याले घोट घोट पाजतात, बाप्पा. तुमी त्याले विहिरीतच ढकललं." मी खाली मान घातली. "सांधून देतो," ते म्हणाले, "पण बसाले नाही होनार. आन् तशीबी हे तुमाले बसाले नव्हतीच. ज्याची त्याले."

"ज्याची त्याले" हे त्यांचे बोलणे मला पुढे उलगडत गेले. चामड्याची सीट ही उशी नव्हेच. ती झोळी आहे. पाच-सहा मिलिमीटर जाडीचे, झाडाच्या सालीत कमावलेले चामडे भिजवून साच्यावर बसवतात आणि वाळल्यावर पुढे नाकाशी व मागे लोखंडी कमानीवर रिव्हेटांनी ताणून धरतात. मधे खाली काही नाही, नुसती हवा. आपण बसतो, तेव्हा सारा भार कमरेच्या तळाच्या दोन हाडांवर येतो. त्या दोन जागी ऊब, घाम आणि वजन यांनी चामड्याचे तंतू हळूहळू सैल होतात आणि बसणाऱ्याच्या हाडांचा ठसा उमटतो. फोमच्या गुबगुबीत सीटचे उलटे असते. ती पहिल्या दिवशी सुखाची वाटते, पण हाडे फोममध्ये रुततात, मधल्या नाजूक भागावर दाब येतो आणि तासाभरात मुंग्या येतात.

या सीटचा जन्मही खोगिराच्या घरचा. जॉन बोल्टबी ब्रुक्स या गृहस्थाने 1866 मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या सामानाचा व चामड्याचा धंदा काढला. पुढे त्याचा घोडा मेला, म्हणून तो सायकलवर बसू लागला आणि तिच्या बैठकीने इतका हैराण झाला की स्वतःच सीट करायला बसला, अशी कथा ती कंपनीच सांगते. 1882 मध्ये त्याने सीटचे पेटंट घेतले. 2002 पासून ही कंपनी एका इटालियन कंपनीच्या मालकीची आहे; चामड्याच्या सीटा मात्र अजून निघतात.

मला नागपुरात एका दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली देशी सीट मिळाली. घेण्यापूर्वी घरी एक युक्ती केली होती. बाकावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर पाच मिनिटे बसलो आणि उमटलेल्या दोन खळग्यांतले अंतर मोजले. सीटचा मागचा भाग त्याहून चांगला रुंद हवा. ताठ बसून सायकल चालवणाऱ्याला रुंद आणि स्प्रिंगांची सीट लागते; वाकून चालवणाऱ्याला अरुंद चालते.

त्या चर्मकारबाबांच्या सल्ल्याप्रमाणे चरबी आणि मेण यांचा लेप आधी चामड्याच्या खालच्या अंगाला, मग वर अगदी पातळसा लावला आणि रात्र जाऊ दिली. सीटचे नाक किंचित वर ठेवले. नाहीतर माणूस पुढे घसरतो आणि मनगटे दुखतात. बोल्टला हात लावायचा नाही, अशी मात्र शपथच घेतली. चामडे फार सैल झाले तरच, तोही पाव फेरा.

मग रोजचा नेम सुरू झाला. सकाळी जामसावळीच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचे. तिथला मारुती निजलेला आहे. देव आडवा होऊन विसावलेला आणि भक्त उभाच, कारण पहिल्या आठवड्यात मला कुठेही बसण्याची सोय उरली नव्हती. सौभाग्यवतीने जेवताना पाटावर उशी ठेवली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या आठवड्यात दुखणे ओसरले. तिसऱ्यात अवेळी पाऊस आला आणि सीट भिजली. ओल्या चामड्यावर बसले की ते कायमचे लोंबते, म्हणून सायकल हाताने ढकलत घरी आणली आणि सीट उन्हात न ठेवता सावलीत वाळवली. तेव्हापासून पिशवीत प्लास्टिकचा तुकडा असतो. सुमारे चारशे किलोमीटर झाले असतील, तेव्हा एका सकाळी घरी येऊन सायकल लावताना ध्यानात आले की, आज वाटेत सीटची आठवणच झाली नाही. वाकून पाहिले, तर चामड्यावर दोन पुसट खळगे चमकत होते.

संक्रांतीला पहाटे निघालो. दोन ठिकाणी थांबलो, एकदा चहासाठी आणि एकदा नुसताच. जाम नदीचा पूल ओलांडून आत्याच्या गल्लीत शिरलो, तेव्हा ती ओट्यावर उन्हाला बसली होती. म्हणाली, "तुह्या बापाची सीट यापेक्षा जास्त वाजे."

तिळगूळ हातावर ठेवून मी तिला झाला प्रकार सांगितला. उजव्या खोल खळग्याचेही सांगितले. ती सहज म्हणाली, "होईनच ना. लहानपणी चिंचेवरून पडला होता तो. उजवा पाय बोटभर आखूडच राहिला."

मी थक्क झालो. वडील चालताना किंचित कलत, हे मी जन्मभर पाहत होतो. ती मास्तरकीची ऐट समजत होतो. त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही मुलांनी कधी विचारले नाही. फाटलेली सीट तोवर पडवीत एका कोपऱ्यात पडून होती. परतल्यावर पहिले काम केले, ते म्हणजे ती पुसून, पातळ लेप देऊन भिंतीवरच्या खुंटीला टांगली.

परवा इंदूरला परत निघताना भावाच्या नातवाने सायकल मागितली. मी आनंदाने दिली. सीट मात्र काढून बरोबर आणली. तो जरा हिरमुसला. पण नागपूरच्या त्या दुकानाचा पत्ता आणि एक पुठ्ठा मी त्याच्या हाती दिला आहे.