स्कूटरची बॅटरी वारंवार का उतरते?

सकाळी स्कूटरचा सेल्फ चालला नाही की दोष बहुधा बॅटरीला दिला जातो आणि नवी बॅटरी बसवून प्रश्न मिटला असे मानले जाते. मात्र बिघाड चार्जिंगच्या यंत्रणेत असेल, तर नवी बॅटरीही काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. एक साधा मल्टिमीटर आणि तपासणीचा ठराविक क्रम यांच्या साहाय्याने हा अनाठायी खर्च टाळता येतो.

छत्तीसगडमधील भिलाईसारख्या पोलादनगरीत हा प्रश्न विशेष जाणवतो. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि कारखान्यालगत सेक्टरनिहाय वसाहत वसली. वसाहतीतून कारखान्यापर्यंतचा प्रवास थोड्या किलोमीटरचा, त्यानंतर पाळी संपेपर्यंत स्कूटर एकाच जागी उभी, असा येथील अनेकांचा दिनक्रम आहे. थोडे अंतर, सेल्फचा वारंवार वापर आणि मे महिन्यात ४२ ते ४५ अंशांपर्यंत जाणारे तापमान या तिन्ही गोष्टी बॅटरीस मारक ठरतात. रात्रपाळी आटोपून निघालेल्या कामगाराची स्कूटर सुरू न होणे ही त्यामुळे किरकोळ अडचण राहत नाही.

किक ते सेल्फ

जुन्या काळातील अनेक स्कूटरना बॅटरीच नसे. इंजिनालगतच्या मॅग्नेटोतून मिळणाऱ्या विजेवर दिवा व हॉर्न चालत आणि इंजिनाचा वेग वाढला की दिव्याचा प्रकाशही वाढे. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने सेल्फ स्टार्टची सोय भारतीय ग्राहकांच्या अंगवळणी पाडली आणि बॅटरीचे महत्त्व वाढले.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटता राहू लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक मानक लागू झाल्यावर बहुतेक स्कूटरमध्ये कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली आली. अशा स्कूटरमध्ये इंधनाचा पंपही विजेवरच चालतो. साहजिकच, बॅटरी पूर्ण उतरल्यास किक मारूनही इंजिन सुरू होईलच असे नाही.

यंत्रणेचे कार्य

इंजिन फिरू लागले की मॅग्नेटोतील चुंबके स्टेटर कॉईलभोवती फिरतात आणि प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. रेक्टिफायर-रेग्युलेटर हा भाग तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो व विद्युतदाब मर्यादेत ठेवतो. ही वीज फ्यूज व वायरिंगमार्गे बॅटरीत साठते. या साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी लक्षण एकच दिसते, ते म्हणजे बॅटरी उतरणे.

प्रथम सोप्या गोष्टी

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी करावी. बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत काय, त्यांवर पांढरट-हिरवा थर जमला आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय, अर्थिंगची तार चेसिसला घट्ट जोडली आहे काय, हे पाहावे. अनेक तक्रारी येथेच मिटतात.

सेल्फ न चालण्याचे कारण प्रत्येक वेळी बॅटरीच असते असेही नाही. बहुतेक स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याखेरीज सेल्फ चालत नाही. हॉर्न खणखणीत वाजतो, परंतु सेल्फचे बटण दाबल्यावर काहीच होत नाही, अशा वेळी ब्रेकच्या दांडीतील स्विच किंवा सेल्फचा रिले तपासावा. केवळ 'टिक-टिक' असा आवाज येत असेल, तर बॅटरी दुर्बल असण्याची किंवा जोड सैल असण्याची शक्यता अधिक असते.

तीन आकडे

पहिले मापन स्कूटर रात्रभर उभी राहिल्यानंतर, इंजिन सुरू करण्यापूर्वी घ्यावे. बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भारित आहे असे समजावे. १२.४ च्या आसपास सुमारे तीन चतुर्थांश भार असतो, तर १२ व्होल्टच्या खाली ती जवळजवळ रिकामी झालेली असते.

दुसरे मापन सेल्फ दाबताना घ्यावे. या वेळी विद्युतदाब घसरणे स्वाभाविक आहे. परंतु पूर्ण भारित बॅटरीचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर तिची क्षमता संपत आली आहे असे मानण्यास जागा आहे. अर्थात, सेल्फची मोटर अडकत असल्यासही असेच घडते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे मापन इंजिन चालू असताना करावे. स्कूटर मोकळ्या हवेत मुख्य स्टँडवर उभी करावी. मागील चाक फिरणार असल्याने कपडे व हात दूर ठेवावेत. ॲक्सिलरेटर थोडा वाढवल्यावर बॅटरीवरील दाब साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट झाला, तर चार्जिंग व्यवस्थित आहे. आकडा वाढतच नसेल, तर बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाही. तो १५ च्या पुढे गेल्यास रेग्युलेटर सदोष असून बॅटरी अतिभारित होत आहे. दिवे वारंवार जळणे हेही त्याचेच लक्षण होय.

दोष नेमका कोठे?

चार्जिंग होत नसल्यास स्टेटर कॉईल आणि रेग्युलेटर यांची तपासणी वेगवेगळी करावी. कॉईलमधून येणारा प्रत्यावर्ती दाब इंजिनाच्या वेगासोबत वाढत असेल, तर कॉईल बहुधा ठीक असून दोष रेग्युलेटरमध्ये किंवा त्यापुढील वायरिंगमध्ये आहे. दाब वाढत नसेल, तर कॉईल जळाल्याची किंवा तिची तार तुटल्याची शंका घ्यावी. प्रत्येक मॉडेलची जोडणी भिन्न असल्याने सर्व्हिस पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून चार्जिंग 'पाहण्याची' जुनी पद्धत आता घातक आहे. बॅटरीचा आधार सुटताच विद्युतदाब एकाएकी उसळतो आणि इंधनप्रणालीचे महागडे नियंत्रक युनिट निकामी होऊ शकते.

उभ्या स्कूटरमधील गळती

चार्जिंग उत्तम असूनही दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरत असेल, तर वीज कोठेतरी झिरपत आहे. किल्ली बंद करून ऋण टर्मिनलची तार काढावी आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये ॲम्पिअर मोजण्यासाठी लावलेला मीटर जोडावा. प्रथम मोठी श्रेणी निवडावी, मीटर जोडलेला असताना किल्ली वा सेल्फ लावू नये. सामान्यतः हा प्रवाह काही मिलिॲम्पिअरपेक्षा अधिक नसावा. २० मिलिॲम्पिअरची गळती असल्यास दिवसाला सुमारे अर्धा ॲम्पिअर-तास खर्च होतो. म्हणजेच ४ ॲम्पिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा मोबाइल चार्जर यांची शंका प्रथम घ्यावी.

सर्व मापने योग्य आली आणि तरीही तक्रार कायम राहिली, तर वापराची पद्धत तपासावी. थोड्या अंतराच्या प्रवासात सेल्फने खर्च केलेली वीज पूर्ण भरून निघत नाही. अर्धवट भारित बॅटरीतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग स्कूटर चालवावी आणि किक असल्यास दिवसाच्या पहिल्या वेळी तीच वापरावी. उन्हाळ्यात स्कूटर सावलीत ठेवणेही हिताचे आहे.

सावधगिरी

बाहेरून चार्ज करताना प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे एक दशांश ठेवावा. चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो, म्हणून जवळ ठिणगी वा विडी-सिगारेट नसावी. पाण्याच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. सीलबंद बॅटरी उघडू नये. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मुख्य लिथियम बॅटरीस वरील चाचण्या लागू नाहीत. ती अधिकृत केंद्रातच तपासून घ्यावी.

निकामी बॅटरी भंगारात टाकू नये. तिच्यातील शिसे व गंधकाम्ल माती आणि पाणी दूषित करतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी, नव्या बॅटरीवरील उत्पादनाचा महिना पाहावा आणि हमीपत्रावर तारखेसह शिक्का घ्यावा. त्यानंतर त्याच वेळी इंजिन चालू करून चार्जिंगचा आकडा एकदा तपासून घ्यावा. तो योग्य असेल, तरच नव्या बॅटरीवरील खर्च सार्थकी लागेल.