चांभारचौकशा : चामडे, हत्यार आणि शिलाई यंत्र

बारीकसारीक गोष्टी खोदून विचारणाऱ्या माणसाला आपण 'नसत्या चांभारचौकशा करू नकोस' असे सहज सुनावतो. 'चांभाराची नजर जोड्यावर' ही म्हणही त्याच घरातली. दोन्हींत एका जातीची कुचेष्टा आहे, हे उघडच आहे. परंतु ती कुचेष्टा क्षणभर बाजूला ठेवून त्या धंद्याकडे पाहिले, तर ही चौकशी 'नसती' मुळीच नाही. कापडावरची चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालता येते, कारण सुई धाग्यांमधून वाट काढते आणि नंतर धागे पुन्हा जवळ येतात. चामड्यात पडलेले भोक मात्र कायमचे राहते. म्हणून चर्मकाराला हत्यार उचलण्याआधीच सगळे विचारून घ्यावे लागते : कातडे कोणते, कसे कमावलेले, जनावराच्या कोणत्या भागाचे, आणि शिवणीवर भार कसला येणार?

या प्रश्नांची आज नव्याने गरज पडली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकारीचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. पैसा हातात येतो तेव्हा 'काय घ्यावे' हा प्रश्न सोपा वाटतो. प्रत्यक्षात चुकीचे यंत्र घरात आले, तर ते कोपऱ्यात पडून राहते आणि हप्ते चालू राहतात. म्हणून या लेखात त्या जुन्या चौकशा क्रमाने मांडतो.

पहिली चौकशी : कातडे

कातडे कमावण्याच्या आपल्याकडच्या दोन मुख्य रीती. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या तुरट रसात मुरवलेले चामडे टणक, भरीव होते; ओले करून दाबले की दिलेला आकार धरते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ, लवचिक आणि उष्णतेला अधिक टिकणारे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोम पद्धतीचे प्रयोग केले, त्यांत विहिरीच्या मोटांसाठी टिकाऊ चामडे मिळवणे हाही एक हेतू होता. ओळखण्याची सोपी युक्ती अशी : चामड्याचा लहान तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. वनस्पतींनी कमावलेला आक्रसून वळतो; नीट कमावलेला क्रोमचा फारसा हलत नाही.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट, कमी ताणणारा. पोटाचा सैल आणि ताणला की लांबणारा. पट्टा पोटाच्या भागातून कापला, तर कितीही चांगली शिवण घातली तरी तो लोंबणार. जाडी मिलिमीटरमध्ये मोजून ठेवावी, आणि शिवणीपाशी किती थर एकत्र येणार तेही मोजावे. यंत्र निवडताना एका थराच्या जाडीपेक्षा ही बेरीज महत्त्वाची असते.

दुसरी चौकशी : हत्याराचे पोलाद

चर्मकाराचे मुख्य हत्यार रापी. रुंद पात्याची ही रापी कापते, आणि कडा तासून पातळही करते. कडा तासल्याशिवाय घडी घातली, तर शिवण जाड होते आणि सुई मोडते. दुसरे हत्यार आरी, भोक पाडायची. तिसरी, जोडा उलटा बसवण्याची तीन पायांची लोखंडी ऐरण. यांखेरीज फरमे, हातोडी, पक्कड, पाण्याची कुंडी आणि मेण. एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या काम चालले.

जालन्यात राहणाऱ्याला वाटेल, पोलादाची आपल्याकडे काय वाण? आमची एमआयडीसी बांधकामाच्या सळ्यांसाठी देशभर ओळखली जाते. पण त्या सळईची रापी होत नाही. सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. इमारतीत ती न तुटता वाकावी, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. धार धरायला पोलाद पाणी देऊन कडक व्हावे लागते, आणि त्यासाठी साधारण अर्ध्या टक्क्याहून अधिक कार्बन हवा. म्हणूनच रापीसाठी यंत्रकरवतीचे जुने पाते, झिजलेली कानस किंवा गाडीच्या स्प्रिंगची पट्टी शोधली जाते. भंगाराच्या ढिगातून नेमका हाच तुकडा उचलणारा कारागीर धातुशास्त्राचा शब्द न उच्चारता धातुशास्त्रच वापरत असतो.

साध्या कार्बन पोलादाची रापी ग्राइंडरवर घासताना निळी पडली, तर पाणी उतरले असे समजावे. त्या ठिकाणी धार टिकणार नाही. घासताना ती वरचेवर पाण्यात बुडवावी. मग दगडावर धार लावावी आणि न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी चामड्याच्या पट्टीवर फिरवावी. दिवसभराच्या कामात दगडापेक्षा पट्टीच अधिक वेळा लागते. बोथट रापीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरतो. बहुतेक जखमा बोथट हत्याराच्याच असतात.

आणखी एक काळजी आमच्या परिसरात विशेष घ्यावी लागते. वनस्पतींनी कमावलेल्या ओल्या चामड्यावर लोखंडाचा कीस पडला, की काळे डाग उमटतात. तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग होऊन हा रंग तयार होतो. हिरड्याची काळी शाई याच रसायनातून होत असे. म्हणून धार लावण्याची जागा आणि चामडे भिजवण्याची जागा वेगळी असावी, आणि हत्यार पुसूनच हातात घ्यावे.

तिसरी चौकशी : यंत्र हवेच का?

शिवणीचे तीन प्रकार ध्यानात घ्यावेत. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार नेणारी हातशिवण सर्वांत टिकाऊ. तिचा एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. दुसरी, रस्त्याकडेचा गटई कामगार घालतो ती. टोकाजवळ आकडी असलेली आरी खाली घालून तो दोऱ्याचा फास वर ओढतो आणि त्यातून दुसरा दोरा नेतो. तिसरी यंत्राची. वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतो. एक टाका तुटला की शेजारचे सुटू लागतात. आकडीची आरी आणि यंत्र यांच्या टाक्यांत नाते आहे, हे यावरून दिसेल.

चौथी, दोऱ्याशिवायची रीत चामड्याच्याच वादीची. वादी भिजल्यावर फुगते आणि भोक बुजवते. कोल्हापुरी चपलेचा तळ पारंपरिक पद्धतीत वादीनेच शिवला जातो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. अशा मालाची किंमत हाताच्या कामात आहे. तिथे यंत्रापेक्षा उत्तम रापी, फरमे आणि निवडक कातडे यांवर पैसा लावणे शहाणपणाचे ठरते. पिशव्या, कंबरपट्टे, हातमोजे यांच्या लांब, एकसारख्या शिवणी घालायच्या असतील, तर मात्र यंत्र हवे.

चौथी चौकशी : दोरा आणि सुई

यंत्राआधी दोरा ठरवावा. दोऱ्यावरून सुई ठरते आणि सुईवरून यंत्र. नायलॉनचा दोरा मजबूत आणि लवचिक, पण उन्हात लवकर खराब होतो. सतत उन्हात राहणाऱ्या वस्तूला पॉलिएस्टर बरा. आगीपाशी मात्र दोन्ही निरुपयोगी, कारण ते साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात. सळई लाटण्यासाठी जाणारा तापलेला ठोकळा हजार अंशांच्या पुढे असतो. तिथल्या कामगाराच्या चामडी हातमोज्याची शिवण अशा दोऱ्याची असेल, तर चामडे शाबूत राहूनही मोजा बोटांपाशी उकलेल. तिथे न वितळणारा अॅरामिड दोरा लागतो, आणि शिवणीत चामड्याची बारीक पट्टी घालतात, म्हणजे ठिणगी दोऱ्याऐवजी पट्टीवर पडते. दोरा स्वस्त की महाग हा प्रश्न इथे हिशेबाच्या वहीत न राहता कामगाराच्या हातापर्यंत पोचतो.

सुईच्या पाकिटावर १००/१६, ११०/१८, १४०/२२ असे दुहेरी आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सुईची जाडी; ११० म्हणजे १.१ मिलिमीटर. टोकाकडेही पाहावे. कापडाच्या सुईचे टोक गोल असते, चामड्याच्या सुईला कापणारी धार असते. ही धार शिवणीच्या रेषेतच कापत गेली आणि टाके फार जवळ पडले, तर पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडे तिथेच फाटते. म्हणून जाड चामड्यावर टाका लांब ठेवावा; तीन-चार मिलिमीटर हे अनेक कामांना योग्य माप आहे.

पाचवी चौकशी : यंत्र

घरगुती शिंपीयंत्राच्या सुईची मजल साधारण ११०/१८ पर्यंत. त्याहून जाड सुई हुकला घासू शकते. शिवाय त्यात खालचे दातेच काय ते कापड पुढे ढकलतात. चामड्याचे दोन थर घातले, तर वरचा प्रेशर फूटखाली अडतो, खालचा पुढे जातो आणि टोके जुळत नाहीत. चामड्यासाठी वॉकिंग फूट यंत्र हवे. त्यात पाय, सुई आणि दाते एकदम पुढे सरकतात, त्यामुळे थर एकमेकांवर घसरत नाहीत.

यंत्राची बैठक कामावरून ठरते. सपाट कामाला फ्लॅट बेड, पिशवी-नळकांड्यासारख्या वस्तूंना सिलिंडर बेड, जोड्याच्या वरच्या भागाला खांबासारखा पोस्ट बेड. दुरुस्तीसाठी सिंगरच्या २९के घाटाचे यंत्र प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमधल्या किलबोवी कारखान्यावरून त्या नावात 'के' आला. त्याला खाली दाते नाहीत. वरचा पायच चामडे ओढतो आणि चहूकडे फिरतो, आणि अरुंद बाहू जोड्याच्या आत शिरतो. मात्र त्याचे बॉबिन लहान असते, त्यामुळे लांब शिवणींच्या मालाला ते उपयोगाचे नाही.

मोटर शक्यतो सर्वो घ्यावी. जुन्या क्लच मोटरवर पाय पडताच यंत्र धावते. सर्वोवर एकेक टाका घालता येतो. दुकानात जाताना आपले चामडे, आपला दोरा न्यावा. आधी हातचाक हाताने फिरवून सर्वांत जाड जागा शिवून पाहावी. मग तुकडा उलटा करून खालचे टाके पाहावेत, सुईदांडा हलवून ढिलाई आहे का ते पाहावे, आणि त्या यंत्राच्या सुया, बॉबिन, हुक आपल्या गावात मिळतात का ते विचारावे. दुकानदार त्रासला तरी हरकत नाही. कर्ज त्याच्या नावावर निघणार नसते.

निगा

दिवसाच्या शेवटी ब्रशने भुगा आणि मेणाचे कण काढावेत. हुकच्या खोबणीत तेच साठतात. तेल शिलाई यंत्राचेच घालावे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि मराठवाड्यातल्या हिवाळी सकाळी यंत्र जड का फिरते याचे उत्तर अनेकदा तिथेच सापडते. रॉकेलने जुने, चिकट झालेले तेल निघते, पण ते वंगण नव्हे. त्यानंतर तेल घालायलाच हवे. टाका चुकू लागला, की लोक आधी टेन्शनचे स्क्रू फिरवतात. योग्य क्रम उलटा आहे : आधी सुई बदलावी, मग दोरा पुन्हा ओवावा, मग हुकवर ओरखडा आहे का ते पाहावे, आणि टेन्शनला शेवटी हात लावावा. रात्री यंत्र झाकून ठेवावे. लोखंडी धूळ उडते अशा वस्तीत तेलावर बसलेली ती धूळ कानशीसारखे काम करते.

या सगळ्या चौकशा कुठल्या कारखान्याच्या पुस्तिकेत एकत्र मिळत नाहीत. त्या कारागिरांच्या घरांत, कामाच्या ओघात, मुलांना विचारल्या आणि सांगितल्या गेल्या. पुढच्या पिढीने हा धंदा करावा की न करावा, हा तिचा प्रश्न आहे, आणि जातीने लादलेले काम सोडण्याचा तिचा हक्क निर्विवाद आहे. पण जो कोणी, कोणत्याही जातीचा, या कामात पडेल, त्याला हे प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा चांभारचौकशी हा शब्द कधी वापरावासा वाटलाच, तर खरेदीआधी नीट विचारून घेण्याच्या अर्थाने वापरावा.