मेलेल्या ज्योतिषाचा खुलासा

कोणताही जुना शब्दकोश हाती आला की मी आधी मूर्खांची आणि ठकांची पानं उघडतो. ही खोड फार जुनी. शूर, सुंदर, दानशूर यांच्यासाठी भाषा सभ्यपणे बोलते. गंडवणाऱ्याबद्दल आणि गंडलेल्याबद्दल बोलताना ती कोणाच्या बाजूची आहे ते कळतं. इंग्रजी आणि फिनिश या भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, म्हणून त्यांची पानं शेजारी ठेवून वाचण्यात मजा येते. त्या वाचनात एका वादाने मला अडकवलं.

लंडनमध्ये जॉन पार्ट्रिज नावाचा ज्योतिषी होता. मूळचा चांभार, पुढे पंचांगकर्ता. दरवर्षी भविष्यं छापायची, त्यात कोणा ना कोणाचं मरण सुचवायचं आणि जोडीला चर्चवर तोंडसुख घ्यायचं, हा त्याचा धंदा. १७०८ साली आयझॅक बिकरस्टाफ नावाच्या कोणा ‘ज्योतिषा’ने भविष्य छापलं, की २९ मार्चच्या रात्री अकराच्या सुमारास पार्ट्रिज तापाने मरेल. ठरलेली तारीख उलटताच तो मेल्याची बातमीही छापून आली. बिकरस्टाफ हा माणूस अस्तित्वातच नव्हता. तो होता उपरोधकार जोनाथन स्विफ्ट. पार्ट्रिजने पुढच्या पंचांगात कळवळून लिहिलं, की मी जिवंत आहे आणि त्या रात्रीही होतो. त्यावर स्विफ्टचं उत्तर असं, की इतकं भिकार लिखाण कोणताही जिवंत माणूस करणं शक्य नाही, सबब पार्ट्रिज मेलेलाच आहे.

हा किस्सा इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. त्याचं शेपूट सहसा कोणी सांगत नाही. १७०९ मध्ये रिचर्ड स्टीलने ‘टॅटलर’ हे नियतकालिक काढलं, तेव्हा संपादक म्हणून बिकरस्टाफचंच नाव उसनं घेतलं. सप्टेंबर १७१० मध्ये त्याच पत्रात, याच काल्पनिक संपादकाला उद्देशून, स्विफ्टने भाषेच्या अधोगतीबद्दल तक्रार गुदरली. त्याला खुपणाऱ्या नव्या शब्दांत ‘बॅंटर’ (थट्टा), ‘शॅम’ (बनावट) आणि ‘बॅम्बूझल’ (गंडवणे) होते. असल्या शब्दांची बहिष्कार-यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी, अशी सूचनाही त्याने केली. त्या दशकातल्या लंडनला सर्वांत गाजलेली थाप मारणारा माणूस थापेबाजीच्या शब्दांवर बंदी मागतो, आणि तीही स्वतःच पैदा केलेल्या भुताकडे! यात ढोंग आहे, असं मी म्हणेन. स्विफ्टचे चाहते त्याला विनोद म्हणतील.

बंदी अर्थातच चालली नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या कोशात ‘बॅम्बूझल’ घेतला, पण शुद्ध वा गंभीर लेखनात न चालणारा म्हणून. तीस वर्षांनी, १७८५मध्ये, फ्रान्सिस ग्रोस या लठ्ठ, खुशालचेंडू माजी लष्करी माणसाने हलक्या मानलेल्या बोलीचा कोश काढला. कूच करणारे शिपाई, खलाशी, मासेवाल्या बायका यांच्या तोंडून वेचलेले शब्द त्यात आहेत. स्विफ्टला हवी असलेली काळी यादी अशी अखेर तयार झाली, फक्त ग्रोसने ती लाडाने केली.

त्यातली माझी आवडती नोंद ‘क्वीअर प्लंजर्स’. बुडणाऱ्याला वाचवून शुद्धीवर आणणाऱ्यांना बक्षीस मिळावं म्हणून १७७४ मध्ये लंडनमध्ये ह्यूमेन सोसायटी स्थापन झाली. लगेच एक टोळी तयार: एकाने पाण्यात उडी घ्यायची, साथीदारांनी त्याला ‘वाचवून’ सोसायटीने नेमलेल्या घरी न्यायचं आणि माणशी एक गिनी उकळायची. अकरा वर्षांत परोपकार, त्यावरची लबाडी आणि लबाडीचं नाव, तिन्ही कोशात जमा.

फिनिशमध्ये हा शहरी झगमगाट कमी. ‘नार्री’ म्हणजे विदूषक, मूर्ख. हा शब्द जर्मन-स्वीडिश वाटेने आला. त्यावरून ‘नार्राता’, म्हणजे फसवणे. गळाने मासे पकडण्यालाही हेच क्रियापद चालतं. मात्र फिन लोकांची खरी दौलत म्हणजे होल्मोला, मूर्खांचं गाव. तिथले लोक बिनखिडक्यांचं घर बांधतात आणि पोत्यात ऊन भरून आत आणतात. मत्ती नावाचा परका येऊन भिंतीला भोक पाडून देतो आणि त्याचे पैसे घेतो. मग उजेडाच्या हव्यासाने गावकरी भिंतीच तोडत सुटतात आणि घर कोसळतं. आंट्टी आर्ने या फिन संशोधकाने १९१०मध्ये लोककथांना क्रमांक देण्याची पद्धत घालून दिली. आज जगभर ही ऊन भरण्याची गोष्ट १२४५ म्हणून ओळखली जाते. स्वतःला मोजायला विसरणाऱ्या मूर्खांचा क्रमांक १२८७. इंग्लंडातल्या गॉथम गावाचे शहाणे तीच चूक करतात, आणि ‘पंचदशी’ हा वेदान्तग्रंथ वाचलेल्यांना तो न मोजलेला ‘दहावा’ लगेच ओळखू येईल.

फरक वापरात आहे. फिन लोक ‘होल्मोलावाल्यांचं काम’ हा वाक्प्रचार बहुधा स्वतःच्या सरकारसाठी वापरतात: पांघरुणाचा खालचा तुकडा कापून वर जोडायचा आणि ते लांब झालं म्हणायचं. इथे मूर्ख म्हणजे आपणच, सगळं गाव मिळून. इंग्रजीतले शब्द मात्र ठकांच्या टोळीतून आले, त्यामुळे त्यांत जिंकणाऱ्याची ऐट राहिली. मराठीत आपणही ‘मामा बनवला’ म्हणतो ते बनवणाऱ्याच्याच बाजूने. पार्ट्रिज जिवंत असून हरला, कारण हशा स्विफ्टच्या बाजूला होता. अंदाजपत्रकावर बोलायची वेळ आली, तर मी मात्र ‘बॅम्बूझल’ सोडून पांघरूणच घेईन. त्यात निदान कापणारे आणि कुडकुडणारे एकाच गावचे असतात.